कोणाच्या ताटापर्यंत पोहोचले? ब्रिटनमधील सरकारी अन्नसाहाय्यावरच्या संशोधनाचा आढावा

जून २०२५मध्ये ब्रिटिश सरकारने एक घोषणा केली. युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नाचा भत्ता घेणाऱ्या इंग्लंडमधल्या प्रत्येक कुटुंबातल्या शाळकरी मुलाला सप्टेंबर २०२६पासून दुपारचे जेवण शाळेत मोफत मिळणार. तोवर नियम असा होता की कुटुंबाची निव्वळ कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या वर गेली की मूल या सवलतीतून बाहेर. ही मर्यादा २०१८पासून हललेली नव्हती. नव्या निर्णयाने पाच लाखांहून अधिक मुले पात्र होतील आणि एक लाख मुले गरिबीतून बाहेर येतील, असा सरकारचा अंदाज होता. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या अभ्याससंस्थेने लगेच लक्षात आणून दिले की पहिल्या वर्षी परिणाम त्याच्या जवळपासही जाणार नाही. २०१८पासून ज्यांना एकदा सवलत मिळाली त्यांची ती काढून घ्यायची नाही, असे संरक्षण लागू होते. त्यामुळे यातली बरीच मुले आधीपासूनच मोफत जेवत होती.

कोण आत होते आणि कोण बाहेर, यावरच हे दोन हिशेब वेगळे झाले. गरीब कुटुंबांना सरकारने अन्न पुरवल्याने त्यांचे पोषण सुधारते का, हा प्रश्न ब्रिटनमध्ये सव्वाशे वर्षे विचारला जातो आहे. तो नीट विचारायचा तर मदत नेमकी कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, हे आधी ठाऊक असावे लागते. माझ्या मते या क्षेत्रातले बहुतेक मतभेद तिथूनच उगवतात.

ब्रॅडफर्डचा वजनकाटा आणि लॅनार्कशायरचे दूध

१९०१ साली सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराची पाहणी प्रसिद्ध केली. शहरातली सुमारे २८ टक्के माणसे गरिबीत आहेत, असा तिचा निष्कर्ष होता आणि गरिबीची रेषा त्यांनी शरीराला लागणाऱ्या किमान अन्नाच्या खर्चावरून आखली होती. बोअर युद्धात सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांची खंगलेली शरीरे पाहून सरकारही अस्वस्थ झाले होते. १९०६मध्ये कायदा झाला आणि स्थानिक संस्थांना शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली. सक्ती नव्हती, मुभाच होती.

ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहराने ती लगेच वापरली. शाळेचे वैद्यकीय अधिकारी राल्फ क्राउली यांनी १९०७मध्ये तिथल्या सर्वांत गरीब मुलांपैकी चाळीसेक मुलांना काही महिने नाश्ता आणि जेवण दिले आणि त्यांची वजने नियमित घेतली. जेवण सुरू असताना वजन चढले. सुट्टी लागली, जेवण थांबले आणि वजन उतरले. सुट्टीतली भूक हा विषय २०२०मध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांच्या मोहिमेमुळे देशभर गाजला आणि पुढच्या वर्षी सुट्टीतल्या जेवणाची योजना इंग्लंडभर पसरली. क्राउली यांच्या तक्त्यात ती भूक ११३ वर्षे आधीच नोंदलेली होती.

पुढचा मोठा प्रयोग १९३०चा, स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरचा. सदुसष्ट शाळांतल्या २०,००० मुलांपैकी निम्म्यांना चार महिने रोज पाऊण पाइंट दूध देण्यात आले आणि निम्म्यांना नाही. दूध पिणारी मुले अधिक वाढली, असे जाहीर झाले. पण गिनेस कंपनीत काम करणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९३१मध्ये त्यातली खोट दाखवली. दोन्ही गट ‘समतोल’ करण्याची मोकळीक शिक्षकांना होती. समोर हडकुळे पोर दिसले की शिक्षकाने ते दुधाच्या गटात टाकले असावे. त्यामुळे दोन गट मुळातच सारखे राहिले नाहीत. इतक्या खर्चाच्या प्रयोगातून दुधाचा नेमका परिणाम सांगता येईना. शिक्षकांनी केले ते माणूस म्हणून योग्यच होते. मात्र मदत गरजूंना निवडून दिली की तिचा परिणाम मोजणे अवघड होते, ही गाठ तेव्हा पडली ती पुढे सुटली नाही.

१९३६मध्ये जॉन बॉइड ऑर यांनी १,१५२ कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदींवरून दाखवले की देशातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा आहार कुठल्या ना कुठल्या अन्नघटकात कमी पडतो आणि ही कमतरता उत्पन्नाबरोबर पायरीपायरीने बदलते. भूक आणि कुपोषण एकच नाही, हे या अभ्यासाने धोरणकर्त्यांच्या गळी उतरवले.

सर्वांसाठी, आणि मग मोजक्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धाने मदतीचे रूप बदलले. १९४०पासून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांना रोज पाइंटभर दूध अल्प दरात किंवा मोफत मिळू लागले. १९४४च्या शिक्षण कायद्याने शाळेत जेवण देणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले, १९४६मध्ये शाळेतले दूध सर्वांना मोफत झाले.

माघारही टप्प्याटप्प्याने झाली. माध्यमिक शाळांतले मोफत दूध १९६८मध्ये मजूर सरकारने बंद केले. सात वर्षांवरील मुलांचे १९७१मध्ये मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना गेले. लोकांच्या स्मरणात यातली दुसरी माघारच राहिली. पोषणाच्या दृष्टीने मला त्याहून मोठा वाटतो तो १९८०चा कायदा. त्याने शाळेतल्या जेवणाचे पोषण-निकष काढून टाकले आणि मोफत जेवणाला पात्र मुले सोडून इतरांना जेवण देण्याचे बंधनही संपवले. १९८६च्या कायद्याने कमी पगारावर काम करणाऱ्या कुटुंबांची मोफत जेवणाची पात्रता गेली. राबणाऱ्या गरिबाला मदत नाही, ही जी तक्रार २०२५पर्यंत ऐकू येत होती, तिचे मूळ इथे आहे. किमान निकष २००१मध्ये परत आले, कडक निकष यायला २००६ उजाडले. त्याआधी जेमी ऑलिव्हर या आचाऱ्याने दूरचित्रवाणीवरून शाळांच्या स्वयंपाकघरांतली दुर्दशा घरोघरी पोहोचवली होती.

हेल्दी स्टार्ट: एकाच योजनेची दोन उत्तरे

युद्धकाळातल्या दूध योजनेची वारसदार म्हणजे २००६मध्ये सुरू झालेली हेल्दी स्टार्ट. गरोदर बाई किंवा चार वर्षांखालची मुले असलेल्या गरीब कुटुंबांना दर आठवड्याला ठरावीक रकमेचे कूपन मिळे. २०२२पासून कागदी कूपने जाऊन बँकेच्या कार्डासारखे कार्ड आले. त्यावर साधे गायीचे दूध, बाळाच्या दुधाची पावडर, फळे, भाज्या, डाळी आणि कडधान्ये घेता येतात. आपल्याकडच्या अंगणवाडीशी तुलना केली तर मोठा फरक असा की इथे शिजवलेले काही मिळत नाही. निवड आणि स्वयंपाक दोन्ही आईवर. शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि थेंब मोफत मिळतात.

या योजनेने आहार सुधारला का? रेचेल ग्रिफिथ, स्टेफनी फॉन हिंके आणि सारा स्मिथ यांनी घराघरांतल्या खरेदीच्या तपशीलवार नोंदी तपासून २०१८मध्ये लिहिले की कूपनमुळे फळे-भाज्यांची खरेदी वाढली, आणि तेवढीच रक्कम रोख दिली असती तर जेवढी वाढली असती त्याहून जास्त वाढली. त्याच वर्षी स्कँटलबरी आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या आरोग्य पाहणीची २००१ ते २०१४ची आकडेवारी घेऊन लाभार्थी गटांच्या फळे-भाज्या खाण्यात योजनेशी जोडता येईल असा बदल दिसत नाही, असे सांगितले. २०२१मध्ये जेनी पार्नहॅम आणि सहकाऱ्यांनाही कुटुंबाच्या अन्नखर्चात योजनेमुळे वाढ आढळली नाही.

हे निष्कर्ष एकमेकांना खोडतात असे वरवर दिसते. थोडे खोलात गेले की कळते की प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे. एकाने पिशवीत काय आले ते पाहिले, दुसऱ्याने माणसाने काय खाल्ल्याचे सांगितले ते, तिसऱ्याने एकूण बिल. आणि तिघांपुढे लॅनार्कशायरचाच पेच होता. पात्र असून अर्ज न करणाऱ्या आया आणि अर्ज करणाऱ्या आया सारख्या नसतात. अर्ज करणारी कदाचित जास्त जागरूक असेल, कदाचित जास्त अडचणीत असेल. तुलना दोन्ही बाजूंनी वाकडी होऊ शकते.

रकमेचा मुद्दा वेगळाच. २००९पासून २०२१पर्यंत ती आठवड्याला ३.१० पौंडांवर थांबलेली होती. एप्रिल २०२१मध्ये ४.२५ झाली, एक वर्षाखालच्या बाळाला दुप्पट. पुढच्या महागाईच्या लाटेत ती पुन्हा गोठली आणि २०२६साठी सुमारे दहा टक्के वाढ जाहीर झाली. स्कॉटलंडने २०१९मध्ये स्वतःची वेगळी योजना काढली आणि तिची रक्कम तुलनेने नियमित वाढवली. एकच योजना दोन वर्षांत दोन वेगळ्या किमतीची असते, हे अभ्यासांची तुलना करताना सहज विसरले जाते.

पोहोच किती, याचे तर अधिकृत उत्तरच काही काळ मागे घ्यावे लागले. पात्र कुटुंबांची संख्या ज्या सरकारी आकडेवारीतून येत होती तिच्यातच दोष निघाला आणि टक्केवारी प्रसिद्ध करणे थांबले. कार्ड किती जणांकडे आहे ते माहीत होते, किती जणांकडे असायला हवे होते ते नाही. पात्र कुटुंबांची नोंद आपोआप व्हावी, ही अभ्यासक आणि स्वयंसेवी संस्थांची जुनी मागणी यामुळे अधिक रास्त ठरते.

शाळेतले ताट

शाळेतल्या जेवणाचे पुरावे सर्वांत भक्कम आहेत, आणि त्याचे कारण पद्धतीत आहे. योजना सर्वांना लागू झाली की कोणी कोणाला निवडलेले नसते.

२००९ ते २०११ या काळात न्यूहॅम आणि डरहममध्ये प्राथमिक शाळेतल्या सर्व मुलांना, आणि वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये उत्पन्नाची मर्यादा वाढवून, मोफत जेवण देऊन पाहिले. सर्वांना जेवण मिळाले तिथली मुले अभ्यासात सुमारे दोन महिने पुढे गेली. मर्यादा वाढवलेल्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये तसा परिणाम दिसला नाही. हजेरी मात्र कुठेच वाढली नाही आणि वजनात फरक आढळला नाही. म्हणजे अभ्यास सुधारला तो मुले शाळेत जास्त आली म्हणून नव्हे. वर्गातली एकाग्रता वाढली की आणखी काही, हे त्या प्रयोगातून कळत नाही.

सप्टेंबर २०१४पासून इंग्लंडमधल्या पहिल्या तीन वर्गांना जेवण सरसकट मोफत झाले. एसेक्स विद्यापीठाच्या अँगस होल्फर्ड आणि बिर्गिटा राबे यांनी वजनाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि एक सुंदर युक्ती वापरली. शाळेत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची सरकार मोजते, पण वेगवेगळ्या शाळांत वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत. कोणी मोजमापाआधी महिनाभर शाळेत जेवलेले असते, कोणी जवळजवळ वर्षभर. हा फरक मुलांच्या गरिबीवर अवलंबून नाही. त्यावरून त्यांना दिसले की वर्षअखेरीस लठ्ठपणाचे प्रमाण सुमारे ०.७ टक्का-बिंदूने घटते. आकडा लहान वाटतो, पण वर्षानुवर्षे रोज जेवणाऱ्या लाखो मुलांसाठी तो लहान नाही.

लाजेचा भागही मोजला गेला आहे. २००७-०८मध्ये स्कॉटलंडच्या काही भागांत सर्वांना मोफत जेवण देऊन पाहिले तेव्हा आधीपासूनच मोफत जेवणाला पात्र असलेली, पण न जेवणारी गरीब मुलेही जेवू लागली. होल्फर्ड यांच्या अभ्यासानुसार शेजारचे सगळे रांगेत असले की रांगेत उभे राहणे सोपे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्या वर्गाबरोबर खिचडी खाल्लेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

विरोधी मतही हलके नाही. सरसकट योजनेतला मोठा पैसा अशा घरांसाठी जातो जी जेवण विकत घेऊ शकतात. तोच पैसा गरीब किशोरवयीन मुलांवर किंवा थेट भत्त्यावर खर्च करावा, असे इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजसारख्या संस्थांचे अभ्यासक पर्याय म्हणून मांडतात. माध्यमिक शाळांतल्या मुलांबद्दल पुरावा तुटपुंजा आहे, हेही ते बरोबर सांगतात. देशाचे चार भाग आता वेगवेगळ्या वाटांनी चालले आहेत: वेल्सने सप्टेंबर २०२४पर्यंत सर्व प्राथमिक शाळांत सरसकट जेवण पोहोचवले, इंग्लंडमध्ये लंडनच्या महापौरांनी शहरापुरते २०२३पासून तेच केले, स्कॉटलंड पाचव्या वर्गापर्यंत गेले, उत्तर आयर्लंडची उत्पन्नमर्यादा इंग्लंडच्या जुन्या मर्यादेच्या दुपटीच्या आसपास आहे. तुलनात्मक अभ्यासाला इतकी चांगली संधी क्वचित मिळते.

ताटात काय पडते, हा प्रश्न उरतोच. लहान मुलांच्या सरसकट जेवणासाठी सरकार २०१४मध्ये प्रति जेवण २.३० पौंड देत होते, २०२५-२६मध्ये २.६१. प्रत्यक्ष खर्च तीन पौंडांच्या वर जातो, असे जेवण पुरवणाऱ्यांची संघटना लाका सांगते. २०२२च्या एका अभ्यासात मुलांच्या दुपारच्या खाण्यातली सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांतून येत असल्याचे दिसले. शाळेच्या जेवणात ते प्रमाण घरच्या डब्यापेक्षा कमी होते, पण कमी म्हणावे असे नव्हते. घरचा डबा चांगलाच असतो, हा आपला समज इथे बाजूला ठेवावा लागतो. लीड्स विद्यापीठाच्या शार्लट एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये तपासलेल्या डब्यांपैकी १.६ टक्के डबेच शाळेच्या जेवणाचे सर्व निकष पुरे करत होते.

पैसे द्यावेत की अन्न

गरजूंना मोफत शिधा देणारे ब्रिटनमधले पहिले आधुनिक फूड बँक-केंद्र सॉल्सबरीत २००० साली एका घराच्या शेडमधून सुरू झाले. ट्रसेल या त्या संस्थेच्या जाळ्यातून २०२३-२४मध्ये ३१ लाखांहून अधिक आपत्कालीन पिशव्या वाटल्या गेल्या. रेचेल लूपस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवले की ज्या भागांत भत्त्यांत कपात झाली आणि भत्ते थांबवण्याची शिक्षा जास्त लागू झाली तिथे फूड बँका उघडण्याची शक्यता जास्त होती. यातून ‘आधी रोख’ हा विचार बळावला. भूक हे उत्पन्नाच्या तुटवड्याचे लक्षण आहे. तेव्हा उत्पन्न द्या, घरखर्च कसा करायचा ते घरातल्यांना कळते. स्कॉटलंडने २०२३मध्ये हे धोरण म्हणून स्वीकारले. पॉल ग्रेग, जेन वॉल्डफोगेल आणि एलिझाबेथ वॉशब्रुक यांचा २००६चा अभ्यास या बाजूचा मोठा आधार आहे: १९९७नंतर मुलांचे भत्ते वाढले तेव्हा गरीब कुटुंबांनी मुलांचे कपडे आणि फळे-भाज्या यांवर जास्त खर्च केला, दारू-तंबाखूवर कमी.

दुसरी बाजू नाव लावलेल्या मदतीची. ‘हिवाळ्यातले इंधन’ या नावाने वृद्धांना दिल्या जाणाऱ्या रोख रकमेतला जवळजवळ निम्मा पैसा खरोखर इंधनावर गेला, असे २०१४च्या एका अभ्यासात आढळले. नाव नसलेल्या रोख रकमेचा तेवढा भाग कधीच गेला नसता. हेल्दी स्टार्टबद्दल ग्रिफिथ यांचा निष्कर्षही त्याच दिशेने जातो. भारतातही रेशनचे धान्य की खात्यात पैसे, या वादात अशीच दोन टोके आहेत.

मला या दोन बाजू वाटतात तितक्या विरोधी नाहीत. घरभाडे आणि वीजबिलाने रिकामे झालेल्या घरात नाव लावलेले चार-पाच पौंडही भुकेच्याच भोकात जातात. फूड फाउंडेशनच्या २०२५च्या अहवालानुसार सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या कुटुंबांना सरकारने शिफारस केलेला आहार घ्यायचा तर खर्चायोग्य उत्पन्नातला ४५ टक्के वाटा त्यावर घालावा लागेल. त्या तुटीपुढे रोख की कूपन हा वाद दुसऱ्या क्रमांकाचा ठरतो. पण रोख मदतीने आहाराचा दर्जा किती सुधारतो, याचे अलीकडचे ब्रिटिश पुरावे थोडे आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

मुडदूस, चपातीचे पीठ आणि व्हिसाची अट

दक्षिण आशियाई कुटुंबांच्या अनुभवाला या साहित्यात स्वतंत्र जागा आहे, आणि ती मुडदुसामुळे. १९६०च्या दशकापासून ग्लासगोचे डॉक्टर मॅथ्यू डनिगन आणि इतरांनी आशियाई मुलांत आणि बायकांत हाडे मऊ पडण्याचा आजार नोंदवला. युद्धकाळापासून ब्रिटनमध्ये मार्गारिनमध्ये ड जीवनसत्त्व घालणे सक्तीचे होते. तूप-लोणी वापरणाऱ्या घरांपर्यंत ते पुरेसे पोहोचत नव्हते. चपातीच्या पिठात ड जीवनसत्त्व घालावे, असा प्रस्ताव आला. सरकारच्या तज्ज्ञ समितीने १९८०मध्ये तो मानला नाही. त्याऐवजी १९८१मध्ये ‘मुडदूस थांबवा’ ही देशव्यापी मोहीम आली आणि आशियाई आहार व राहणीलाच दोष दिल्याची टीका तिच्यावर झाली.

ग्लासगोने १९७९पासून आशियाई मुलांना जीवनसत्त्वाचे थेंब मोफत वाटले आणि १९८५मध्ये मुडदूस घटल्याचे प्रसिद्ध केले. बर्मिंगहॅमच्या मध्य भागात २००५पासून जीवनसत्त्वे उत्पन्न न विचारता सर्व लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मिळू लागली. लक्षणे दिसणारी ड जीवनसत्त्वाची कमतरता पाच वर्षांखालच्या मुलांत सुमारे ५९ टक्क्यांनी घटली. विशेष म्हणजे थेंब नेणाऱ्या मुलांचे प्रमाण १७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. मग घट कशाने झाली? डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षण, समाजातली जागृती आणि थेंब यांतला कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढता आलेले नाही.

दुसरा मुद्दा व्हिसाचा. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबांना सरकारी निधीतून भत्ते घेता येत नाहीत. आयटीतल्या मोठ्या पगारावर आलेल्या मराठी कुटुंबाला याची झळ सहसा लागत नाही. वृद्धसेवेच्या कामावर आलेल्या आणि काम सुटलेल्या कुटुंबाला लागते. इंग्लंडमध्ये अशा कुटुंबांतल्या गरीब मुलांना २०२०मध्ये तात्पुरते आणि २०२२मध्ये कायमचे मोफत शालेय जेवण खुले झाले. हेल्दी स्टार्टमध्ये न्यायालयीन आव्हानानंतर २०२१पासून अशा घरातल्या ब्रिटिश नागरिक असलेल्या बालकांना वाट मिळाली. नागरिक नसलेल्यांना नाही. रिबेका ओकॉनेल, अबिगेल नाइट आणि ज्युलिया ब्रॅनन यांच्या २०१९च्या पुस्तकात अशा घरांतल्या मुलांचे आणि पालकांचे कथन आहे. संख्यात्मक अभ्यासांत ही घरे जवळजवळ दिसत नाहीत.

काय अजून अनुत्तरित आहे

सर्वांत मोठी उणीव काळाची. स्वीडनमध्ये १९५९ ते १९६९ दरम्यान शाळेत मोफत पौष्टिक जेवण टप्प्याटप्प्याने सुरू झाले. पेटर लुंडबोर्ग आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांचा प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. प्राथमिक शाळेची सर्व वर्षे ते जेवण मिळालेल्यांची आयुष्यभराची कमाई सुमारे ३ टक्क्यांनी जास्त निघाली. अमेरिकेत फूड स्टॅम्प ही अन्नकूपने जिल्ह्याजिल्ह्याने पसरली, त्यावरून हिलरी होइन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये दाखवले की बालपणी ही मदत मिळालेल्यांना मोठेपणी चयापचयाचे विकार कमी झाले. ब्रिटनमध्ये २०१४ची पहिली तुकडी आता कुठे शाळेच्या शेवटच्या वर्षांत पोहोचते आहे. तिचा शाळेचा, आरोग्याचा आणि पुढे कमाईचा तपशील एकमेकांशी जोडता आला तर असेच काही इथेही सांगता येईल.

२०२६चा विस्तार दुसरी संधी देतो. उत्पन्नाची मर्यादा एका ठरावीक तारखेला हलते आहे. पण त्याच वर्षी दोन मुलांपुढे भत्ता न देण्याचा नियमही एप्रिलपासून जातो आहे, त्यामुळे कुठला बदल कशामुळे हे वेगळे करायला अभ्यासकांना बरीच कसरत पडेल. माध्यमिक शाळेतल्या मुलांबद्दलची पोकळी यातून काही अंशी भरेल, कारण नव्याने पात्र होणाऱ्यांत ती मोठ्या संख्येने आहेत.

आणि मोजमापाची साधने. घरात अन्नाची चणचण आहे का, हा प्रश्न सरकारी कौटुंबिक पाहणीत २०१९-२०पासून विचारला जातो, पण त्यातून आहारात काय आहे ते कळत नाही. लोक प्रत्यक्षात काय खातात हे नोंदणारी राष्ट्रीय आहार व पोषण पाहणी दरवर्षी साधारण हजार माणसांचीच असते. त्यात गरीब, लहान मूल असलेली, हेल्दी स्टार्ट घेणारी घरे निवडायला बसले की संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरते. त्यातून पुन्हा पाकिस्तानी, बांगलादेशी, भारतीय असे गट पाडणे शक्य होत नाही. ग्लासगो आणि बर्मिंगहॅमच्या स्थानिक नोंदींतून जे कळले ते राष्ट्रीय पाहणीतून कळले नसते. नमुना वाढवणे आणि अशा गटांतली घरे मुद्दाम जास्त संख्येने निवडणे ही खर्चाची बाब आहे; ब्रिटिश आरोग्य पाहण्यांनी अल्पसंख्य समाजांसाठी असे पूर्वी केलेले आहे, आणि आहाराच्या बाबतीत ते व्हायला हवे.